सन १७४७ चे रेल्वे स्थानक

एका मित्राने मध्यंतरी मोबाइलवर एका घड्याळाची छायाचित्रे पाठवली आणि खाली एवढेच विचारले, "अस्सल जुने आहे का? घेऊ का?" ऑनलाइन विक्रीला ठेवलेले ते घड्याळ नक्षीदार लोखंडी कंसावर टांगलेले होते, दोन्ही बाजूंनी वेळ दाखवणारे, जुन्या रेल्वे फलाटांवर असते त्या थाटाचे. कडेला पितळी वाटावे असे जाड वेटोळे, पिवळट तपकिरी तबकडी, रोमन आकडे आणि मधोमध वळणदार अक्षरांत 'व्हिक्टोरिया स्टेशन, लंडन'. त्याखाली सन होता १७४७. हे घड्याळ माझ्या ओळखीचे होते. याच सनाचे आणि याच अक्षरांचे घड्याळ अनेक विक्रेत्यांकडे, वेगवेगळ्या आकारांत आणि वेगवेगळ्या वर्णनांसह मी पाहिलेले आहे. तरीही त्या दिवशी तो आकडा डोक्यातून जाईना.

राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ सालचा. तिच्या नावाचे लंडनमधले ते स्थानक सुरू झाले १८६० मध्ये. वाफेचे इंजिन वापरणारी पहिली सार्वजनिक रेल्वे स्टॉकटन ते डार्लिंग्टन या मार्गावर धावली ती १८२५ मध्ये. म्हणजे १७४७ साली राणी नव्हती, स्थानक नव्हते आणि जिची वेळ पाहायची ती गाडीही नव्हती. कोणी म्हणेल की छपाईत एक अंक चुकला असेल, १८४७ म्हणायचे असेल. पण तरीही स्थानक उभे राहायला १३ वर्षे उरतातच. खरे तर स्थानकांवरच्या घड्याळांचा इतिहास मुळातच रंजक आहे. गावोगावची वेळ सूर्यावर चालत असे तोवर दोन गावांत काही मिनिटांचा फरक असला तरी कोणाचे अडत नव्हते. वेळापत्रक आले आणि अडू लागले, म्हणून ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली. फलाटावरचे मोठे घड्याळ या गरजेतून प्रतिष्ठेला चढले. नकली घड्याळ बनवणाऱ्याला यातले काही वाचण्याचीही गरज भासलेली नाही. मला खटकते ते हेच. ते घड्याळ खोटे आहे याचे दुःख फारसे नाही; खोटे बोलणाऱ्यानेही थोडे कष्ट घ्यावेत, एवढी माफक अपेक्षा असते.

आता घड्याळाच्या पोटात काय आहे ते पाहू. खऱ्या दुतोंडी घड्याळात एकच यंत्र असते आणि त्यातून निघालेले दांडे व दातेरी चक्रे दोन्ही तबकड्यांचे काटे फिरवतात. किंवा नंतरच्या काळातल्या व्यवस्थेप्रमाणे एखाद्या मुख्य घड्याळाकडून तारेने विजेचे स्पंदन येते आणि दोन्हीकडचे काटे त्या स्पंदनासरशी एकदमच पुढे सरकतात. अलेक्झांडर बेन याने विजेच्या घड्याळाचे पेटंट १८४१ मध्ये मिळवले आणि ही वाट मोकळी झाली. नकलेत मात्र दोन बाजूंना दोन स्वतंत्र क्वार्ट्झ यंत्रे बसवलेली असतात, प्रत्येकाची बॅटरी वेगळी. सुरुवातीला दोघे एकमेकांशी जुळवून चालतात. मग एकाची बॅटरी जरा आधी दमते, काटा मागे पडू लागतो, आणि काही महिन्यांनी एकाच घड्याळाच्या पाठीला आणि पोटाला दोन वेगळ्या वेळा दिसू लागतात. विक्रेत्याच्या छायाचित्रात नेहमी एकच बाजू का असते, हा प्रश्न त्यामुळे विचारण्यासारखा असतो.

जुने घड्याळ ओळखायचे कसे, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लहानपणी आमच्या घरचे ठोक्यांचे घड्याळ दुरुस्त करायला एक वृद्ध घड्याळजी येत असत. ते पेटीतून यंत्र बाहेर काढत, पांढऱ्या कापडावर ठेवत आणि आम्हा मुलांना हात पाठीमागे बांधून उभे राहायला सांगत. यंत्र उघडले की एक विशिष्ट वास येई, जुन्या तेलाचा, पितळेचा आणि बंद लाकडी पेटीत कोंडलेल्या धुळीचा. एकदा त्यांनी पितळेचा मागचा पत्रा खिडकीतल्या उजेडात तिरपा धरला आणि त्यावर सुईने ओरखडावीत तशी बारीक अक्षरे दाखवली. कोणाची तरी आद्याक्षरे होती, पुढे महिना आणि वर्ष. त्याखाली दुसऱ्या हाताची अक्षरे आणि पुढचे वर्ष. आधीच्या घड्याळजींनी दुरुस्ती केल्यावर सोडलेल्या त्या खुणा होत्या. मग त्यांनी पत्र्यातल्या भोकांकडे बोट दाखवले. पोलादी आसाचे टोक ज्या भोकात वर्षानुवर्षे फिरते, ते भोक गोल राहत नाही. ज्या बाजूला भार पडतो त्या बाजूला ते लांबट होते आणि त्याच्या कडेला काळ्या तेलाचे वळे बसते. काही भोकांत नवे पितळ ठोकून बसवलेले होते आणि त्याचा रंग सभोवतालच्या पितळेहून किंचित वेगळा होता. "हे जिथे झिजायचे तिथेच झिजले आहे," असे ते समाधानाने म्हणाले. झीज पाहून कोणी समाधानी होऊ शकते, हे मला त्या वेळी विचित्र वाटले होते.

आज पडद्यावर छायाचित्रे मोठी करून पाहताना मी नकळत तेच वाक्य ताडून पाहत असतो. घड्याळ हे काम करणारे यंत्र आहे आणि त्याचे वय त्याच्या कामाच्या जागी दिसते. किल्लीच्या भोकाभोवती तबकडीवर बारीक गोलाकार ओरखडे असतात, कारण किल्ली लावताना हात कधी तरी सटकतोच. दाराच्या ज्या कडेला रोज अंगठा लागतो तिथले पॉलिश उडालेले असते आणि उरलेल्या दारावर ते शाबूत असते. ठोके देणारी हातोडी जिथे आदळते तिथे घंटेवर किंवा तारेच्या वेटोळ्यावर लहानसा चकचकीत ठिपका असतो. पितळ कोपऱ्यांत आणि नक्षीच्या खाचांत काळवंडते, उंचवट्यांवर पुसले जाऊन उजळ राहते. नकली घड्याळावर वय सगळीकडे सारखे फासलेले असते. आम्लाने किंवा रंगाने काळे केलेले पितळ समोर जेवढे काळे तेवढेच मागे, जिथे कधी कोणाचा हात पोचला नसता तिथेही काळे. लाकडावर मुद्दाम केलेले ओरखडे दिसतात, तेही एकाच खोलीचे आणि एकाच दिशेचे, आणि वाळवीची म्हणून पाडलेली भोके सरळ रेषेत उतरलेली असतात. वाळवी असो वा भुंगेरा, त्याला ड्रिलची शिस्त नसते.

तबकडीजवळ जरा थांबायला हवे, कारण छायाचित्रात सर्वांत स्पष्ट दिसणारी वस्तू तीच असते आणि खोटेपणाही तिथेच सर्वांत लवकर उघडा पडतो. जुन्या चांगल्या घड्याळांची पांढरी तबकडी पुष्कळदा तांब्याच्या पत्र्यावर काचेचा थर भट्टीत भाजून केलेली असते, तिला एनॅमल म्हणतात. तिच्यावर केसाएवढे तडे जातात आणि असा तडा पांढऱ्या भागावरून येऊन थेट आकड्याला चिरत पलीकडे निघतो, कारण आकडाही त्याच काचेत भाजलेला असतो. किल्लीच्या भोकाच्या कडेला टवका उडालेला असतो. नकली तबकडीवर तडे छापलेले असतात. छायाचित्र पुरेसे मोठे करावे, तर तो तडा आकड्यापाशी येऊन सभ्यपणे थांबतो आणि आकडा अखंड काळा राहतो. कधी छपाईचे बारीक ठिपकेही दिसतात. पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कारखान्याच्या कागदाचेही असेच आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट भागातले कारखाने घड्याळ कसे लावावे याच्या सूचनांचा कागद आत चिकटवत असत. खरा कागद पिवळा पडतो, सुटतो, किडे त्याला कुरतडतात; नकली कागदावर कुरतडलेल्या कडाही शाईने काढलेल्या असतात. रोमन चारचा आकडा चार उभ्या रेघांनी लिहिलेला असेल तर घड्याळ जुने, असे अनेक जण ठामपणे सांगतात. बहुतेक जुन्या तबकड्यांवर तो तसा असतो हे खरे. पण नकला करणारेही ते जाणतात, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर मनोऱ्यावरच्या, १८५९ पासून चालणाऱ्या घड्याळावर तो तसा नाही. त्या एका खुणेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

स्क्रू मात्र फारसे फसवत नाहीत. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू प्रचारात आला तो १९३० च्या दशकात. त्यामुळे १८८० चे म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळात सगळे स्क्रू त्या खाचेचे असतील, तर पुढे काही पाहायचे उरत नाही. एखादाच असेल तर तो दुरुस्तीत बदललेला असू शकतो, एवढा संशयाचा फायदा द्यावा. मागची फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली असेल तर घड्याळ १९६० च्या आधीचे असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, आणि ती फळी कडेच्या बाजूने पाहिली की तिचा रेषाहीन, भुशासारखा पोत कोणालाही ओळखता येतो. खरे लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते, त्यामुळे जुन्या फळीला उभी भेग गेलेली असते आणि तबकडीभोवतीचे लाकडी कडे मोजले तर पूर्ण गोल राहिलेले नसते. काचेकडे तिरपे पाहावे. पूर्णपणे सपाट फ्लोट काच पिल्किंग्टन कंपनीने जगासमोर आणली १९५९ मध्ये. त्याआधीच्या काचेत खिडकीचे प्रतिबिंब जरा हललेले, वाकलेले दिसते. अर्थात काच फुटते आणि बदलली जाते, म्हणून सपाट काच हा गुन्हा नाही.

यंत्रावर कोरलेले देशाचे नावही बोलके असते. परदेशी मालावर भ्रामक खुणा असू नयेत म्हणून ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला आणि अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून यंत्राच्या पत्र्यावर जर्मनीचे नाव इंग्रजीत ठसठशीत कोरलेले असेल आणि विक्रेता ते १८५० चे असल्याचे सांगत असेल, तर दोघांपैकी एकाचे चुकते आहे.

लंबकाविषयी मला जास्त राग येतो.

ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबक घड्याळाला जोडला तेव्हा दिवसाला पंधरा मिनिटांपर्यंत चुकणारी घड्याळे काही सेकंदांच्या चुकीवर आली. एवढे मोठे काम ज्या वस्तूने केले, ती नकली घड्याळात निव्वळ झुलत असते. क्वार्ट्झ यंत्राच्या डबीत एक छोटे विद्युत्-वेटोळे आणि चुंबक बसवून एक हलकी सळई हालती ठेवतात. तिचा काट्यांशी काडीचाही संबंध नसतो. वेळ राखली जाते ती सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या स्फटिकाच्या तुकड्याने. क्वार्ट्झविषयी माझी तक्रार नाही. बेल प्रयोगशाळेत १९२७ मध्ये बनलेले पहिले क्वार्ट्झ घड्याळ हा मानवी बुद्धीचा मोठा पराक्रमच होता, आणि अचूकतेत तो लंबकाला सहज मागे टाकतो. तक्रार आहे ती त्याला लंबकाचा वेष चढवून उभे करण्याची. तपासणी अगदी सोपी आहे: लंबक बोटाने धरून थांबवावा. खऱ्या घड्याळात त्याच क्षणी टिकटिक थांबते, कारण लंबकाच्या प्रत्येक झोक्याला चक्राचा दाता सुटण्याची परवानगी मिळत असते आणि परवानगी देणाराच थांबलेला असतो. नकलेत सेकंदकाटा निर्विकारपणे पुढे जात राहतो. किल्लीची भोकेही अशीच. तबकडीवर दोन भोके, त्यात पितळी चौकोनी टोके, आणि मागे काहीच नाही. किल्ली फिरवायला जावे तर ती फिरत नाही किंवा भिंगरीप्रमाणे फिरतच राहते. खरी स्प्रिंग भरताना बोटांना वाढता विरोध जाणवतो, आत खिट्टी दात्यावरून कटकट करत जाते, आणि शेवटी हाताला आपोआप कळते की आता पुरे.

आवाजाचा उल्लेख केल्याशिवाय हे पुरे होणार नाही. ठोक्यांचे घड्याळ तास भरण्याच्या काही मिनिटे आधी एक हलका खटका देते आणि आतली चक्रे क्षणभर घरघरून पुन्हा अडतात. ठोक्यांची यंत्रणा सुटून पुढच्या अडसरावर थांबलेली असते आणि तास भरताच तो अडसर दूर होतो. ज्या घरात असे घड्याळ असते तिथल्या माणसांना तो खटका झोपेतही कळतो. आमच्या घरी परीक्षेच्या दिवसांत पहाटे तो ऐकू आला की मी ठोक्यांच्या आधीच उठून बसत असे. बॅटरीवरच्या नकलेत हा खटका नसतो. तिथे छोट्या इलेक्ट्रॉनिक चिपवर साठवलेले संगीत एकदम सुरू होते, आणि बहुधा ते वेस्टमिन्स्टरचेच असते. ती सुरावट केंब्रिजच्या सेंट मेरी चर्चसाठी १७९३ च्या सुमारास बांधली गेली आणि वेस्टमिन्स्टरच्या मनोऱ्यावर गेली ती १८५९ मध्ये. तेव्हा १७४७ चे घड्याळ ती वाजवत असेल, तर त्याला भविष्याचे ज्ञान आहे असे मानावे लागेल.

इतके बोलून झाल्यावर मनात एक अडचण उभी राहते, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आज ज्या घड्याळांना आपण अस्सल जुनी म्हणून डोक्यावर घेतो, त्यांतली कित्येक स्वतःच नकला होत्या. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात फ्रान्समधली काळ्या दगडाची जड घड्याळे मिरवत असत. ती परवडत नाहीत अशांसाठी अमेरिकेतल्या सेथ टॉमस कंपनीने १८८० च्या दशकापासून साध्या लाकडी पेटीवर सेल्युलॉइडचा पातळ थर चढवून संगमरवराचा भास निर्माण केला. ब्राँझच्या मूर्ती म्हणून ज्या बसवल्या जात त्या पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असत, वरून ब्राँझचा रंग. साध्या लाकडावर ब्रशने उंची लाकडाच्या रेषा काढणारे कारागीर होते. या सगळ्या दिखाऊपणाला आता शंभर-सव्वाशे वर्षे झाली आणि संग्राहक त्याच सेल्युलॉइडचा टवका उडाला तर हळहळतात. मग आजच्या नकलेवर मी का चिडावे? पुष्कळ विचार केल्यावर मला फरक एवढाच दिसतो की त्या जुन्या कारखानदाराने खोटेपणा पेटीपुरता ठेवला होता. आतले यंत्र पितळेचे होते, आठ दिवस चालणारे होते, आणि कोणी ते उघडून पाहिले तर त्याला लाज वाटण्यासारखे काही नव्हते. शिवाय त्याने आपल्या मालावर स्वतःचे नाव घातले होते. हा फरक सर्वांना पुरेसा वाटेल असे नाही. माझ्या मित्राला तो वाटला नाही. त्याला दिवाणखान्यात ते दुतोंडी घड्याळ छान दिसेल एवढेच हवे होते, आणि त्यात गैर काय आहे हे मला आजही सांगता येत नाही. नव्या वस्तूच्या किमतीत नवी वस्तू घेणाऱ्याला कोणी फसवलेले नसते.

फसवणूक होते ती मधल्या प्रकारात. पूर्ण नकली घड्याळ थोड्या सरावाने ओळखता येते. पण एका घड्याळाची पेटी, दुसऱ्याचे यंत्र, तिसऱ्याचे काटे आणि नवी छापलेली तबकडी जुळवून उभे केलेले घड्याळ छायाचित्रात फार विश्वासू दिसते, कारण तबकडी सोडली तर त्यातला प्रत्येक भाग खरोखर जुना असतो. अशा वेळी रिकाम्या भोकांचा शोध घ्यावा. यंत्र ज्या फळीवर बसते तिथे न वापरलेली स्क्रूची भोके असतील, तर तिथे आधी दुसरे कोणी बसलेले होते. मिनिटकाटा तबकडीवरच्या मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नसेल किंवा त्यांच्या पुढे जात असेल, तर काटे परके आहेत. किल्लीची भोके आणि आतली चौकोनी टोके एका मध्यावर नसतील तर तबकडी परकी आहे. आणखी एक वर्ग आहे तो ३१ दिवस चालणाऱ्या घड्याळांचा. तबकडीवर तो आकडा छापलेली अशी घड्याळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आशियातल्या कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडली. ती खरोखर किल्लीची आणि खरोखर लंबकाची असतात, त्यामुळे लंबकाच्या आणि किल्लीच्या चाचण्या पार करतात, आणि शंभर वर्षांपूर्वीची म्हणून खुशाल विकली जातात. त्यांची स्प्रिंग लांब आणि जोरदार असते, पत्रा मात्र पातळ; अशी स्प्रिंग तुटली किंवा खिट्टी सटकली तर किल्ली धरलेल्या बोटांना जबर इजा होऊ शकते.

म्हणून कोणी विचारले, तर मी विक्रेत्याकडून समोरचे सुंदर छायाचित्र पुन्हा मागवायला सांगत नाही. मागचे दार उघडून काढलेले छायाचित्र मागवावे, तबकडी काढून यंत्राच्या पुढच्या पत्र्याचे मागवावे, पेटीच्या तळाचे आणि फळीच्या कडेचे मागवावे. ज्याला आपल्या मालाची माहिती आहे तो ही छायाचित्रे आनंदाने पाठवतो, आणि बऱ्याचदा न विचारता सांगतो की काच बदललेली आहे किंवा लंबकाच्या टोकाची चकती मूळची नाही. अशा माणसाशी व्यवहार करायला बरे वाटते, मग घड्याळ घेतले नाही तरी. इतरांकडून तेच जुने छायाचित्र जरा अधिक पिवळ्या उजेडात परत येते. शेवटची मागणी मी अर्ध्या मिनिटाच्या चित्रीकरणाची करायला सांगतो, आवाजासकट: घड्याळ चालू असावे, कोणी तरी लंबक बोटाने धरावा आणि कॅमेरा सेकंदकाट्यावर ठेवावा. त्यावर बहुतेक वेळा उत्तर येते की वस्तू फार प्राचीन आणि नाजूक असल्यामुळे तिला हात लावता येणार नाही, पण दोन घेतल्यास सवलत मिळेल.